कारभारीपण आणि घरातील आजारपण : मी तालांत पुरून ठेवला आहे का?

प्रश्न

सर्वांना प्रभूमध्ये नमस्कार. गेली दोन वर्षे माझे वडील अंथरुणाला खिळून आहेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीसुद्धा दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते. त्यामुळे मी पूर्णवेळ नोकरी सोडून अर्धवेळ काम पत्करले आणि अकरा वर्षे घेत असलेले संडे स्कूलचे वर्गही थांबवले. घरखर्चाच्या वहीत दशमांशाचा, म्हणजे मिळकतीच्या दहाव्या भागाच्या अर्पणाचा, रकाना मी आजही आखते, मात्र सात महिन्यांपासून तो कोराच आहे. मागच्या उपासनेत तालांतांच्या दाखल्यावर (मत्तय २५:१४–३०) उपदेश झाला. येशूच्या या दृष्टांतात एक धनी प्रवासाला जाताना तीन दासांकडे पाच, दोन आणि एक तालांत (त्या काळचे मोठे चलन) सोपवतो; पहिले दोघे ते दुप्पट करतात, तिसरा आपला तालांत पुरून ठेवतो. धन्याचे द्रव्य जमिनीत पुरणारा तो दास मीच, असे ऐकताना वाटत राहिले. आयुष्य, वेळ आणि पैसा देवाने सोपवलेला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु सोपवलेले सारे एकाच खोलीत, एकाच माणसासाठी खर्च होत असेल, तर त्याचा हिशेब मी काय द्यावा?

प्रतिसाद १

ताई, नव्या करारात ज्याला आपण ‘कारभारी’ म्हणतो, त्याच्यासाठी मूळ ग्रीक शब्द ‘ओइकोनोमोस’ आहे, म्हणजे घराची व्यवस्था पाहणारा. तेव्हा घरातील सेवा ही कारभाराबाहेरची, ही समजूत मूळ शब्दापाशीच टिकत नाही. मार्क ७:९–१३ पुन्हा वाचावे. आईवडिलांना द्यावयाचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे जाहीर करून त्यांच्याकडे पाठ फिरवणाऱ्यांना येशूने खडसावले आहे. अठराव्या शतकातील इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांचा पैशाच्या वापरावरील उपदेश १७६० साली प्रसिद्ध झाला. त्यातील ‘मिळवा, वाचवा, द्या’ ही त्रिसूत्री सर्वांना पाठ असते, परंतु त्यांनी सांगितलेला क्रम क्वचितच कोणी उद्धृत करतो: प्रथम स्वतःच्या गरजा, मग घरातील माणसे, त्यानंतर उरेल तर विश्वासणारे आणि त्यानंतरही उरेल तर सर्व माणसे. तुमच्याकडे दुसऱ्या पायरीनंतर काही उरत नाही. यात पुरून ठेवलेले मला तरी काही दिसत नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी एका गोष्टीवर माझे मत वेगळे आहे. वडिलांचे औषधपाणी हाच आपला दशमांश समजावा, असे कोणी सुचवील. मला ते पटत नाही, कारण मुलीचे कर्तव्य आणि अर्पण यांची एकाच रकान्यात नोंद झाली, की हळूहळू दोन्हींचा अर्थ पुसट होतो. प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला ठेवण्यास सांगितले (१ करिंथ १६:२), आणि दुसऱ्या पत्रात स्पष्ट केले की देण्याची उत्सुकता असली, तर ते जवळ असेल त्या मानाने मान्य होते, नसेल त्या मानाने नव्हे (८:१२). म्हणून दहावा भाग जमत नसेल तर शंभरावा ठेवावा, पण रकाना कोरा ठेवू नये. सवय एकदा मोडली, की बरे दिवस आल्यावरही ती सहजासहजी परत येत नाही, हे मी स्वानुभवावरून लिहितो आहे.

प्रतिसाद ३

अशा चर्चेत मंदिराच्या दानपेटीत आपली सारी उपजीविका, म्हणजे दोन नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेचे उदाहरण हमखास येते, म्हणून आधीच सांगतो: त्या प्रसंगाच्या अगदी आधीच्या वचनात (मार्क १२:४०) येशूने विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना (धर्मशास्त्राच्या शिक्षकांना) दोष दिला आहे. तिचे दान थोर होते, पण ते कोणावर लादण्याचे माप नव्हे. शिवाय अनुवाद १४:२८–२९ पाहावे. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवून तो लेवी (मंदिराची सेवा करणारा वंश), उपरे, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावे, अशी ती व्यवस्था होती. म्हणजे दशमांशाला घेणारे हातही असतात. आज आपण कदाचित त्या बाजूला असाल, आणि संकोच न करता मदत स्वीकारणे हाही कारभाराचाच भाग आहे.

दाखल्याबद्दल दोन गोष्टी. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे ज्याला सर्वांत कमी मिळाले त्याच्याही हाती जवळपास वीस वर्षांची कमाई होती. दुसरे असे की, पाच मिळवणाऱ्याची आणि दोन मिळवणाऱ्याची प्रशंसा धन्याने शब्दशः एकाच वाक्यात केली आहे (वचने २१ आणि २३). तिसऱ्याने मात्र धनी कठोर आहे असे ठरवले आणि भीतीने खड्डा खणला. आपल्या प्रश्नात मला तीच भीती दिसते. खड्डा दिसत नाही.

आणि झोपेचे काय? शरीरही सोपवलेलेच आहे. थकून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. दोनदा उठवून खाऊ घातले आणि मध्ये झोपू दिले (१ राजे १९).

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रकान्याबद्दल माझे मन अजून ठरलेले नाही. शंभरावा भाग लिहिताना हात अडखळेल, असे वाटते. मात्र मंडळीतील दोन भगिनींनी शनिवारी रात्री वडिलांजवळ थांबण्याची तयारी पूर्वीच दाखवली होती आणि मी दोन्ही वेळा नको म्हटले होते. आज दुपारी त्यांना फोन केला. कूस कशी बदलायची, उशी कोठे लावायची, हे त्यांना दाखवण्यासाठी या शनिवारी थोडे लवकर बोलावले आहे.