मदत हवी आहे : रेडॉन हवेपेक्षा साडेसातपट जड, मग तो विहिरीच्या तळाशी साचतो का?

नमस्कार. मी देगलूर तालुक्यात अकरावीला रसायनशास्त्र शिकवते. परवा राजवायूंचे उत्कलनबिंदू फळ्यावर लिहिले. हेलियम उणे २६९ अंश सेल्सिअस, निऑन उणे २४६, अरगॉन उणे १८६, क्रिप्टॉन उणे १५३, झेनॉन उणे १०८, रेडॉन उणे ६२. ही चढण पोरांना पटली. हेलियमकडे दोनच इलेक्ट्रॉन, रेडॉनकडे ८६. एवढा मोठा ढग जरा इकडेतिकडे सरकला की शेजारचा अणू क्षणभर ओढला जातो, आणि ही ओढ तोडायला जास्त उष्णता लागते.

मग घनता आली. शून्य अंशाला लिटरभर हवा १.२९ ग्रॅम, लिटरभर रेडॉन ९.७३ ग्रॅम. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील यारीवर विहिरी खोदतात. म्हणाला, "मॅडम, बाबा हिरीत उतरायच्या आधी दोरीला कंदील बांधून सोडतात. विझला तर कुणीच उतरत नाही. खाली हाच गॅस असतो का?"

मी बोलून गेले, "जड आहे, म्हणजे खाली बसणारच." घरी आल्यावर चैन पडेना. आमच्या भागात ग्रॅनाइट आहे, त्यात काळ्या बसाल्टपेक्षा युरेनियम साधारण जास्त असतं आणि युरेनियमचे अणू टप्प्याटप्प्याने फुटत जातात त्या साखळीतूनच रेडॉन येतो. पण कंदील विझवण्याइतका? त्या मुलाचा बाप रोज खाली उतरतो, त्याला चुकीचं सांगून चालणार नाही. कृपया नीट समजावून सांगा.

प्रतिसाद :

ताई, कंदील रेडॉनमुळे विझत नाही. ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत जाते. जमिनीतून आणि कुजणाऱ्या पाल्यातून येणारा कार्बन डायऑक्साइड तिथे भरपूर असतो, त्यामुळे तळाची सगळी हवाच जड होते. आत वारा लागत नाही म्हणून ती तशीच पडून राहते.

रेडॉनचं तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घरासाठी सुचवलेली पातळी घनमीटरला १०० बेकरेल आहे, म्हणजे सेकंदाला १०० अणू फुटतात एवढा रेडॉन. हिशेब केला तर घनमीटरभर हवेत त्याचे पाच कोटींहूनही कमी अणू! हवेचे रेणू तिथे एकावर पंचवीस शून्यांच्या घरात. एवढ्याशा रेडॉनने हवेचं वजन काय बदलणार? त्याचा अणू जड असला तरी रेणूंच्या धडकांनी तो वरखाली फिरतच राहतो. हवा अगदी स्थिर धरली तरी ६० फूट विहिरीत तळ आणि काठ यांत निव्वळ वजनामुळे पडणारा फरक दीड टक्क्याच्या आसपास निघतो.

तरी बंद जागेत रेडॉन वाढतो हे खरं. दगडातून तो येत राहतो आणि बाहेर जायला वाट नसते. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस, म्हणजे निम्मे अणू फुटून जायला एवढा वेळ लागतो, तोवर तो साचत राहतो. वारा खेळता ठेवला की तो बाहेर जातो आणि पातळी उतरते. त्याचा धोका वर्षानुवर्षं श्वासातून आत जाण्याचा, फुप्फुसाच्या कर्करोगाचा.

त्या मुलाला एक जरूर सांगा : कंदील जळत राहिला तरी विषारी वायू नाहीच असं होत नाही. आधी पंख्याने हवा सोडा, कमरेला दोर बांधा, वर दोघं उभे ठेवा.

ताई :

मनापासून आभार. उद्या पहिल्याच तासाला माझं वाक्य दुरुस्त करते. दोराचं मात्र आज संध्याकाळीच त्याच्या घरी जाऊन सांगणार आहे.