मदत पाहिजे: समुद्रातल्या लढाईत जहाज जागचं हलत नाही

कपाशीवाला: राजेहो, पायरेट्स ऑफ द बर्निंग सी खेळून राहिलो. लढाई सुरू झाली का जहाज हलतच नाही. शीडं पूर्ण उघडली तरी तेच. शत्रू तोफा मारून बुडवून देते. मिशन अडकलं. काय सेटिंग करू? लवकर सांगा, लाइन जायची वेळ झाली.

घाटंजीकर: भाऊ, नेट कोणतं? रॅम किती? काहीच लिहिलं नाही, आम्ही काय सांगावं?

कपाशीवाला: डोंगल. रॅम २ जीबी. नेटचा प्रश्न नाही, जमिनीवरची तलवारबाजी मस्त चालते.

घाटंजीकर: तरी नेटच आहे. टिनाच्या घरात डोंगलला रेंज येत नाही. लांब यूएसबी वायर लावून बाहेर बांबूवर बांध. माझं तसंच सुरळीत झालं.

रातवा: तलवारबाजीत फ्लोरेंटिन नावाची पद्धत घे. एका हातात तलवार, दुसऱ्यात खंजीर. दोघं-तिघं अंगावर आले तरी घाबरायचं काम नाही.

कपाशीवाला: दादा, तलवारीचं नाही विचारलं.

तोफखाना: तोफा वेळेवर सुटतात का? नेट खराब असतं तर त्याही उशिरा सुटल्या असत्या. जहाज कोणतं, आणि वारा कुठून?

कपाशीवाला: तोफा बरोबर सुटतात. जहाज चौकोनी शिडाचं. शत्रू वाऱ्याकडच्या बाजूला असते, मी सरळ त्याच्यावर जातो.

बाभूळबन: मग शत्रू चेन शॉट, म्हणजे साखळीचे गोळे मारत असेल. शीडं फाटली का वेग जातो. आधी शीडं दुरुस्त कर.

तोफखाना: बाभूळबन, तो सुरुवातीपासूनच थांबला म्हणतो. एकही गोळा लागायच्या आधी शीडं फाटतील कशी? कपाशीवाला, नीट ऐक. हा गेम १७२० सालच्या कॅरिबियन समुद्रातला आहे, इंजिन नाही. नाक वाऱ्यात घातलं की कोणतंही शिडाचं जहाज मरते, चौकोनी शिडाचं तर लवकरच. वारा मागून तिरपा घे, तेव्हा ते खरं पळते. वाऱ्याकडं जायचंच असेल तर नागमोडी जा, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. वळताना वेग पडू देऊ नको, नाहीतर मधेच अडकशील. पुढं स्कूनर, म्हणजे लांबीच्या दिशेनं शीडं लावलेलं जहाज घे, ते वाऱ्याच्या जास्त जवळून चालते. अन् सरळ अंगावर काहून जातो? तोफा बाजूला असतात, त्याला बाजू दाखव.

घाटंजीकर: वाऱ्याचं ठीक, पण डोंगल बाहेर बांध. फुकट गेम असला तरी नेट चांगलंच लागते.

रातवा: २००८ मध्ये आला तेव्हा फुकट नव्हता, महिन्याचे पैसे लागायचे. २०१० च्या शेवटी फुकट झाला, तेव्हा कुठं आमच्यासारख्यांना खेळता आला.

बाभूळबन: नेट सोडा, आमच्याकडं डीपी, म्हणजे लाइनचा ट्रान्सफॉर्मर जळाला. रात्री थ्री फेज आली का सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात, कॉम्प्युटर आपोआप बंद. स्टॅबिलायझर कोणता घ्यावा?

घाटंजीकर: आधी डीपीसाठी सगळ्या कास्तकारांनी मिळून लेखी अर्ज द्या. एकट्याचं कोणी ऐकत नाही.

कपाशीवाला: तोफखानाभाऊ, नागमोडी नेलं, चाललं! वारा मागून घेतला, दोन वेळा बाजू दाखवली अन् शत्रूची डोलकाठी पडली. पण जहाज बुडवायचं नाही, पकडायचं आहे. त्याच्यावर माणसं लय आहेत, चढलो का मारून टाकतात.

तोफखाना: चढायच्या आधी ग्रेप शॉट, म्हणजे बारक्या गोळ्यांचा मारा कर, जवळून. त्यानं माणसं कमी होतात. मग रातव्याचं फ्लोरेंटिन कामी येईल.

रातवा: आलंच ना शेवटी! थांब, कोणते डाव आधी शिकायचे ते लिहून देतो.