मदत हवी आहे: पाच माणसांसाठी स्वस्तातलं, घरगुती सूप

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या फोंड्याची. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा रात्री काय करायचं हा आमच्याकडचा मोठाच प्रश्न. सुके बांगडे रोज कोण खाणार? म्हणून आठवड्यातून तीन रात्री सूप आणि पाव असं ठरवलंय. पोदेर (पाववाला) संध्याकाळी दारात येतोच.

पाकिटातलं सूप नको, फार खारट लागतं. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून स्वस्तात भाजी मिळते. दुधी आणि मूगडाळीचं छान जमलं: अर्धा दुधी, अर्धी वाटी डाळ, आल्याचा तुकडा, कुकरच्या तीन शिट्ट्या, मग घोटून वर मिरपूड. मुलं जेवली. सासूबाई म्हणाल्या, "ही तर पातळ आमटीच गो!" तसं त्यांचं चुकलं नाही म्हणा.

अडलंय ते काल्दो व्हेर्द या पोर्तुगीज पद्धतीच्या हिरव्या सूपपाशी. शेजारच्या किरिस्तांव (ख्रिश्चन) बाई बटाटा-कांदा शिजवून घोटतात आणि वर पालक अगदी बारीक चिरून घालतात. त्यांचं मऊसूत होतं. माझं मात्र दोन्ही वेळा खळीसारखं चिकट झालं, चमचा उभा राहील इतकं! मी मिक्सरला फिरवते, त्याने बिघडतं का? रवीने घोटू? पालक गॅस बंद करायच्या किती आधी घालायचा? त्याच्या जागी तांबडी भाजी (लाल माठ) चालेल का, की रंगच बिघडेल?

डाळ न घालता दाटपणा आणायची काही युक्ती असेल तर तीही सांगा. कॉर्नफ्लॉवर सोडून.