मदत हवी आहे : कापरेकर संख्यांच्या जोड्या नेहमीच जमतात का?

डहाणूला आठवीच्या मुलांसोबत १,४२,८५७ या संख्येचं भित्तिपत्रक करतोय. गणितज्ञ द. रा. कापरेकरांचा जन्म इथलाच, १९०५चा, म्हणून त्यांच्या नावाची संख्या हवीच होती (कापरेकर संख्या म्हणजे जिच्या वर्गाचे दोन तुकडे करून त्यांची बेरीज केली की तीच संख्या परत मिळते).

आत्तापर्यंत जमलेलं : अवयव ३×३×३×११×१३×३७. अंकांची बेरीज २७, तिने भाग जातो, म्हणजे हर्षद. स्वतःला सोडून विभाजकांची बेरीज १,१२,५०३, संख्येहून कमी, म्हणजे न्यून. वर्ग २०४०८१२२४४९; उजवीकडचे सहा अंक तोडले की २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. मुलं अक्षरशः उड्या मारायला लागली!

मग एका मुलीने दहा लाखांतून ही संख्या वजा केली : ८,५७,१४३. तिचा वर्ग ७३४६९४१२२४४९, आणि ७३४६९४ + १२२४४९ = ८५७१४३. तीही कापरेकर संख्या! ४५ आणि ५५, २९७ आणि ७०३ अशाही जोड्या सापडल्या.

अडलंय ते ४८७९ पाशी. वर्ग २३८०४६४१, आणि २३८ + ०४६४१ = ४८७९. पण दहा हजारांतून वजा केल्यावर येणाऱ्या ५१२१ च्या वर्गातून काही केल्या ५१२१ मिळत नाही. इथे उजवीकडे पाच अंक घ्यावे लागतात, गोम तिथेच असावी असं वाटतं. वर्ग कागदावर दोनदा तपासलेत, आकडेमोडीची चूक नाही.

मुलांना (अ + ब)² पर्यंतचं बीजगणित येतं, बाकी-गणित (भागाकारातल्या बाकीवर चालणारं गणित) नाही. तेवढ्यावर समजेल असं सांगाल का : जोडी नेमकी कधी जमते, आणि ४८७९ ची जोडीदार कितीतून वजा करून शोधायची?