लेकरांच्या ताटातली भाजी: तुमच्याकडं काय चालतं?

लेक साडेतीन वर्षांची. भाकरी-दूध आणि शेंगदाण्याच्या चटणीवर दिवस काढते. हिरवं दिसलं की संपलं; वरणातली कोथिंबीरसुद्धा चिमटीनं बाहेर. डॉक्टर म्हणाले, वजन चांगलं आहे, नवी चव रुळायला कधी दहा-पंधरा वेळाही लागतात. माझा धीर सहाव्यालाच सुटतो. तुमचं सांगा, फसलेलंही सांगा.

लातूर
आमचा पाच वर्षांचा. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, शेतात गेलो. सकाळपासून कडब्याच्या कोपीभोवती (खोपीभोवती) पळत होता, मधेच बायकांत बसून तुरीच्या शेंगा सोलल्या. दुपारी भज्जी वाढली. हिरवा हरभरा, तूर, वाटाणा, गाजर, मेथी, पातीचा कांदा, सगळं ताकातल्या बेसनात शिजलेलं. घरी यातली एकही भाजी न खाणाऱ्यानं दोनदा मागून घेतली, वर आंबील. मला हर्ष झाला! पुढच्या रविवारी घरी तश्शीच केली. बोट लावलं नाही. ‘ही शेतातली नाही.’ आता निदान शेंगा सोलायला त्यालाच बसवते. निम्मे दाणे कच्चेच पोटात जातात. जाऊ द्या.

बीड
धपाट्यात मेथी बारीक चिरून लपवली. पोरीनं ओळखली. मग महिनाभर साधं धपाटंही उलटून-पालटून बघायची. लपवाछपवी बंद केली मी.

परभणी, आजी
सून नातवाला म्हणते, भाजी संपव मग मोबाईल. मी गप्प बसते. मी तरी काय केलं होतं? लेकाला दोडक्यासाठी रट्टे देऊन ताटावर बसवलं. तो आता अडतीस वर्षांचा आहे, घरात दोडका शिजला की जेवायला बाहेर जातो.

नांदेड
अंबाडी करून बघा. पालेभाजी असली तरी आंबट, त्यामुळं आमची दोघंही खातात. डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटायची, लेकरांची तिखटाआधी बाजूला काढायची. वरून लसणाची फोडणी मात्र कुरकुरीत पाहिजे.

धाराशिव
आमची फक्त शेवग्याच्या शेंगा चोखते. एका शेंगेला पंधरा मिनिटं. शाळेची रिक्षा दोनदा चुकली.

लातूरच्या ताईंना
काही लेकरं सोलूनही खात नाहीत हो. आमचा मटार सोलून बहिणीच्या ताटात टाकतो.

साडेतीन वर्षांच्या लेकीची आई
काल अंबाडी केली. बाईसाहेबांनी वरचा लसूण तेवढा वेचून खाल्ला. हा सातवा धरू का?