मदत हवी आहे: विकास बँकेचा नफा कशाने मोजावा?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची, इथेच सयाजीराव विद्यापीठात एम.कॉम. करते. प्रबंध विकास बँकांच्या (उद्योगांना दीर्घ मुदतीची कर्जं देणाऱ्या संस्थांच्या) नफ्यावर परिणाम करणाऱ्या घटकांवर आहे. आयएफसीआय (१९४८), आयसीआयसीआय (१९५५), आयडीबीआय (१९६४) आणि सिडबी (१९९०) या चार संस्था घेतल्या आहेत.

निधीचा खर्च हा मुख्य घटक, याबद्दल शंका नाही. आपल्या बँक ऑफ बडोदासारख्या बचत आणि चालू खात्यांच्या स्वस्त ठेवी यांच्याकडे नव्हत्या. पूर्वी रिझर्व्ह बँकेकडून आणि सरकारी हमीच्या रोख्यांतून स्वस्त पैसा यायचा. १९९१ नंतर तो आटत गेला, बाजारातून महाग उचल करावी लागली. त्यात व्यापारी बँकाही मुदत कर्जं द्यायला उतरल्या. मार्जिन (मिळालेलं व्याज वजा दिलेलं व्याज) दोन्हीकडून चेपलं.

अडलंय ते मोजमापावर. साधा हिशेब मांडून बघितला. १०० रुपये ९ टक्क्यांनी कर्जाऊ दिले, त्यात ३० स्वतःचं भांडवल आणि ७० रुपये ८ टक्क्यांनी उचललेले. व्याज खर्च ५.६०, उरले ३.४०. भांडवल १० च असेल तर खर्च ७.२०, उरतात १.८०. म्हणजे कर्ज देण्याचं कसब तेच, तरी पहिल्या बँकेचं मार्जिन जवळजवळ दुप्पट! भांडवलावरचा परतावा मात्र उलटा: ११.३ टक्के आणि १८ टक्के (खर्च, तरतूद सोडून). मग रिग्रेशनमध्ये (कोणत्या घटकाचा किती परिणाम ते काढायच्या सांख्यिकी पद्धतीत) नफा म्हणून काय धरू? सरांचं म्हणणं मालमत्तेवरचा परतावा (एकूण कर्जं-गुंतवणुकीच्या प्रमाणात नफा) घे. मला ते पटत नाही, पण खोडताही येत नाही. कुणी या कामात मुरलेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, सरांचं ऐका, पण भांडवलाचं मालमत्तेशी प्रमाण स्वतंत्र घटक म्हणून शेजारी ठेवा. भांडवलामुळे फुगलेला भाग तिथे वेगळा पडेल. कर्जाचा दर वजा उचलीचा दर हा फरकही वेगळा काढा.

थकीत कर्जाकडे जास्त लक्ष द्या. प्रकल्प कर्जाला सुरुवातीला हप्त्यांची सवलत असते, त्यामुळे आज दिलेलं वाईट कर्ज तीन-चार वर्षं चांगलंच दिसतं. एनपीए (थकीत कर्जं) त्याच वर्षाच्या कर्जवाटपाशी जोडलंत तर निष्कर्ष चुकेल. आणि सिडबीचं पुनर्वित्त (बँकांनी दिलेल्या कर्जांसाठी त्यांना पुरवलेला पैसा) व थेट कर्ज एकत्र करू नका. पुनर्वित्तात जोखीम मूळ कर्ज देणाऱ्या बँकेच्या अंगावर असते, म्हणून मार्जिनही बारीक.

धागाकर्ती:
खूप आभार काका, हप्त्यांच्या सवलतीचं लक्षातच आलं नव्हतं. आयडीबीआयची मालिका कुठवर न्यावी?

प्रतिसाद:
२००४ च्या आधी थांबवा. त्या वर्षी ती व्यापारी बँक झाली आणि सुमारे ९,००० कोटींची थकीत कर्जं वेगळ्या निधीकडे गेली. एनपीए घटलं ते वसुलीमुळे नव्हे. आयसीआयसीआयची मालिकाही २००२ मध्ये ती आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली, त्याआधीच तोडा.