जॉर्जियात मेडिकल, पण शेवटच्या वर्षाची पोस्टिंग नाशिकला चालेल का?

नाशिककर_आई:
मुलगी तिबिलिसीत चौथ्या वर्षाला आहे, प्रवेश सप्टेंबर २०२२चा. एजंट म्हणतो, सहाव्या वर्षाची पोस्टिंग नाशिकच्याच एका खासगी हॉस्पिटलात लावून देतो, कॉलेज ती धरून घेतं. घरी राहील, खर्चही वाचेल. करावं का? नाही तर सुट्टीत इथे काय करता येईल?

कृष्णाकाठ:
ताई, अजिबात करू नका. १८ नोव्हेंबर २०२१च्या एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या) नियमांत हे सरळ लिहिलंय: किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि वर १२ महिन्यांची इंटर्नशिप, सगळं त्याच परदेशी संस्थेत. प्रशिक्षणाचा कुठलाही भाग भारतात किंवा तिसऱ्या देशात चालत नाही. त्या तारखेआधी प्रवेश घेतलेल्यांना सूट आहे, तुमच्या मुलीला नाही.

एजंट बहुधा २०२२चा दाखला देईल. कोविड आणि युक्रेन युद्धामुळे अडकलेल्यांना अपुरी इंटर्नशिप इथे करायची मुभा मिळाली होती, पण ती त्या परिस्थितीपुरती.

हे उघडकीला येतं पासपोर्टवरून. ट्रान्सक्रिप्टवर (विषय आणि तारखांच्या कॉलेजच्या नोंदपत्रावर) सर्जरी ३ फेब्रुवारी ते २८ मार्च आणि मुंबई विमानतळाचा शिक्का १० फेब्रुवारीचा, एवढं पुरतं. पदवी हातात असते, पण इथली नोंदणी अडते, आणि ते वर्ष मागे जाऊन भरून काढता येत नाही. कॉलेजने सही दिली म्हणून एनएमसी मान्य करेल असं नसतं.

वॉर्ड_नंबर_सात:
सुट्टीत ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे हॉस्पिटलात नुसतं पाहून शिकणं, करता येते. मोजली जात नाही, पण मुलीला तिची खरी गरज आहे. तिकडचे पेशंट जॉर्जियन बोलतात, त्यामुळे हिस्टरी घेणं, म्हणजे पेशंटला विचारून त्रासाची माहिती काढणं, कच्चं राहतं. इथे बाई सांगते 'अंगावरून पांढरं जातं', आजोबा म्हणतात 'घेरी येते'. घेरी म्हणजे भोवतालचं गरगरतं की डोळ्यांपुढे अंधारी येते, हे विचारता आलं पाहिजे. पहिल्यात कान तपासायचा, दुसऱ्यात उभं राहिल्यावरचा बीपी आणि नाडी. म्हणून मेडिसिनची ओपीडीच मागा, चार आठवडे तरी.

महिना-दीड महिना आधी अधीक्षक किंवा डीनच्या नावाने अर्ज द्या. सोबत कॉलेजचं बोनाफाइड, ओळखपत्र आणि हिपॅटायटिस बी लसीचा दाखला. तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, तेव्हा नसतील झाले तर आजच सुरू करा. तिथे फक्त पाहायचं, फार तर डॉक्टर समोर असताना पेशंटच्या परवानगीने हिस्टरी घ्यायची. इंजेक्शन नाही, केसपेपरवर लिहिणं नाही. प्रमाणपत्रावर 'निरीक्षक' हाच शब्द घ्या, 'इंटर्न' नको. आणि हे दिवस कॉलेजच्या लॉगबुकात चढवू नका, तिथेच घोळ होतो.

नाशिककर_आई:
एजंटला नाही कळवते. भाचा कॅरिबियन बेटावरच्या कॉलेजात जायचं म्हणतोय, तिसऱ्या वर्षापासून अमेरिकेत रोटेशन, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलांत पोस्टिंग. त्यालाही हेच लागू?

कृष्णाकाठ:
भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर हो, कारण पदवी एका देशाची आणि प्रशिक्षण दुसऱ्या देशात. अमेरिकेतच राहायचं असेल तर तो वेगळा मार्ग. पण तिथेही न्यूयॉर्क राज्यात १२ आठवड्यांपेक्षा जास्त क्लर्कशिप (हीच हॉस्पिटलातली पोस्टिंग) करायला कॉलेजला त्या राज्याची मान्यता लागते. फी भरण्याआधी ती तपासा.

दस्तऐवज:
घराजवळची संधी नंतर येते. एफएमजीई, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांची इथली परीक्षा, ३०० गुणांची, पास व्हायला १५०. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रात होते. मग महाराष्ट्र वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी आणि इथली १२ महिन्यांची इंटर्नशिप. एनएमसीच्या २०२२च्या परिपत्रकाप्रमाणे कॉलेजच्या मंजूर जागांच्या ७.५ टक्केच परदेशी पदवीधरांना, म्हणजे १५० जागांच्या कॉलेजात फार तर ११. नाशिक पक्कं धरू नका, धुळे-जळगावचीही तयारी ठेवा.

जॉर्जिया सोडण्याआधी पदवी, ट्रान्सक्रिप्ट आणि सुरू-शेवटच्या तारखा असलेला इंटर्नशिपचा दाखला यांवर तिथेच अपॉस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून तिथल्या सरकारचं प्रमाणन) करून घ्या. इथे आल्यावर कुरिअरने करायला जीव मेटाकुटीला येतो. जुना पासपोर्ट बदलला तरी फेकू नका, शिक्के त्यातच असतात.